गवईसाहेब निवृत्त झाले, निकाल आपल्याकडे राहिले

सरन्यायाधीश भूषण रामकृष्ण गवई २३ नोव्हेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. १४ मे रोजी त्यांनी देशाचे ५२वे सरन्यायाधीश म्हणून शपथ घेतली होती. म्हणजे कारकीर्द जेमतेम सव्वासहा महिन्यांची. अमरावतीचा माणूस देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसला, याचा आनंद वऱ्हाडात सगळ्यांनाच झाला. इर्विन चौकात झाला, तसा नागपुरी गेटलाही झाला. पण आनंदासोबत आपल्या समाजात एक प्रश्नही सतत फिरत राहिला. बुलडोझरचा निकाल आला तेव्हा लोक म्हणाले, "गवईसाहेब आपल्या बाजूचे आहेत." वक्फ कायद्यावरचा अंतरिम आदेश आला, तेव्हा तेच लोक म्हणाले, "शेवटी तेही सरकारच्याच बाजूने गेले."

न्यायाधीशाला असं मोजणं बरोबर आहे का? आम्हाला वाटतं, नाही. एकतर ते त्या माणसावर अन्याय करणारं आहे. दुसरं म्हणजे, त्यात आपलंच नुकसान आहे. न्यायाधीश आज आहेत, उद्या निवृत्त होतात. मागे राहतात ते निकाल. ते निकाल वाचले, त्यातून आपल्या हाती काय आलं आणि काय नाही आलं हे नीट समजून घेतलं, तरच उपयोग. नाहीतर आधी आनंद, मग नाराजी, आणि हातात काहीच नाही, अशी गत होते.

फ्रेजरपुऱ्यातली नगरपालिकेची शाळा

गवईसाहेबांचा जन्म २४ नोव्हेंबर १९६० रोजी अमरावतीत झाला. घराणं मूळ दर्यापूर तालुक्यातल्या दारापूरचं. वडील रा. सू. गवई, म्हणजे सगळ्या विदर्भाचे दादासाहेब. रिपब्लिकन पक्षाचे नेते, अनेक वर्षं विधान परिषदेत, तिथे सभापतीही झाले. १९९८ मध्ये अमरावतीतून लोकसभेवर गेले, पुढे बिहार आणि केरळचे राज्यपाल झाले. आई कमलताई शिक्षिका.

आज ही ओळख मोठी वाटते, पण सुरुवात फ्रेजरपुरा या कष्टकऱ्यांच्या वस्तीतून झाली. तिथल्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत लहानगा भूषण शिकला. पुढचं शालेय शिक्षण मुंबईत झालं. बी.कॉम. आणि कायद्याची पदवी मात्र अमरावती विद्यापीठाची.

आम्ही पेशाने शिक्षक. नगरपालिकेच्या शाळेबद्दल लोक कसं बोलतात ते रोज ऐकतो. मराठी शाळा असो की उर्दू, "तिथून काय निघणार?" असं पालकच विचारतात. ज्यांची थोडी ऐपत आहे ते इंग्रजी शाळेच्या बसमध्ये लेकराला बसवतात. एका माणसाच्या यशाने सगळ्या शाळा चांगल्या ठरत नाहीत, हे आम्हालाही कळतं. गवईसाहेबांच्या घरी पुस्तकं होती, राजकारणाची जाण होती, बाबासाहेबांचा विचार होता. पण याचा अर्थ हाच की शाळेइतकंच घरातलं वातावरण लेकरू घडवतं. आपल्या घरात संविधानाची प्रत कितीजणांकडे आहे? उर्दूतही ती मिळते, मराठीतही मिळते.

जून २०२५ मध्ये नागपूरच्या सत्कारात वडिलांबद्दल बोलताना सरन्यायाधीशांचा कंठ दाटून आला होता. त्यांना स्वतःला वास्तुविशारद व्हायचं होतं. वकील व्हायचं स्वप्न होतं दादासाहेबांचं, पण चळवळीमुळे ते अपुरं राहिलं. ते मुलाने पूर्ण केलं.

नागपूर खंडपीठाची वाट

१६ मार्च १९८५ रोजी त्यांनी वकिली सुरू केली. राजा भोसले यांच्यासारख्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काम केलं, काही वर्षं मुंबई उच्च न्यायालयात स्वतंत्र वकिली केली आणि १९९० नंतर नागपूर खंडपीठात स्थिरावले. नागपूर महापालिका, अमरावती महापालिका आणि अमरावती विद्यापीठ यांचे ते वकील होते. २००० मध्ये नागपूर खंडपीठात सरकारी वकील झाले, १४ नोव्हेंबर २००३ रोजी उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश आणि २००५ मध्ये कायम. २४ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयात गेले.

हा तपशील देण्याचं कारण आहे. महापालिकेची बाजू मांडणारा वकील अतिक्रमणाच्या नोटिसा कशा निघतात, त्या कशा चिकटवतात, मागच्या तारखेच्या कशा दाखवतात, हे सगळं आतून पाहत असतो. पुढे बुलडोझरच्या निकालात नोटिशीबद्दल जे बारीक नियम आले, ते ज्याने पालिकेचा कारभार पाहिला आहे त्यालाच सुचावेत असे आहेत.

नागपूरची ही वाट आपल्या समाजालाही अनोळखी नाही. देशाचे पहिले मुस्लिम सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला हे नागपूरच्याच मॉरिस कॉलेजात शिकले, नागपूरलाच वकिली केली, १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि १९६८ मध्ये सरन्यायाधीश. त्यांच्यानंतर बेग, अहमदी आणि अल्तमस कबीर हे तीन मुस्लिम सरन्यायाधीश झाले. २०१३ नंतर एकही नाही. आज सर्वोच्च न्यायालयात मुस्लिम न्यायाधीश एकच आहेत, अहसानुद्दीन अमानुल्ला.

दलित समाजाची स्थितीही फार वेगळी नव्हती. पहिले दलित सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन २०१० मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर २०१९ मध्ये गवईसाहेब येईपर्यंत अनुसूचित जातीचा एकही न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयात नव्हता. गवई हे दुसरे दलित आणि पहिले बौद्ध सरन्यायाधीश. त्यांच्याच काळात सर्वोच्च न्यायालयाच्या कर्मचारी भरतीत आणि बढतीत अनुसूचित जाती-जमातींसाठी आरक्षणाची पद्धत लागू झाली. जे न्यायालय सगळ्या देशाच्या आरक्षणावर निकाल देतं, त्याच्या स्वतःच्या कचेरीत हे २०२५ साली यावं, यावरून दार किती घट्ट होतं ते कळतं.

घर पाडण्याआधी पंधरा दिवस

आता मुख्य निकालाकडे येऊ. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने बुलडोझर कारवाईवर निकाल दिला. निकाल गवईसाहेबांनी लिहिला. त्यातला मूळ मुद्दा साधा आहे. एखाद्यावर गुन्हा दाखल झाला, किंवा तो दोषीही ठरला, म्हणून त्याचं घर पाडता येत नाही. दोषी ठरवण्याचं काम न्यायालयाचं, प्रशासनाचं नाही. आणि घरात राहणाऱ्या आई-बाप, बायको-लेकरांचा काय गुन्हा?

पण आमच्या मते या निकालाची खरी ताकद त्याच्या नियमांत आहे. बांधकाम बेकायदा असलं तरी आधी कारणं दाखवा नोटीस द्यावी लागेल, किमान पंधरा दिवसांची. ती रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि घरावरही लावायची. नोटीस निघाल्याची खबर लगेच जिल्हाधिकारी कार्यालयाला ईमेलने द्यायची, म्हणजे मागच्या तारखेचा खेळ बंद. घरमालकाचं म्हणणं प्रत्यक्ष ऐकून घ्यायचं. पाडण्याचा आदेश कारणांसह लेखी द्यायचा. त्यानंतरही पंधरा दिवस थांबायचं, म्हणजे माणूस अपिलात जाऊ शकतो किंवा स्वतः बांधकाम काढू शकतो. पाडताना व्हिडिओ काढायचा. आणि हे नियम मोडले तर संबंधित अधिकाऱ्याच्या खिशातून नुकसानभरपाई वसूल होईल.

एक गोष्ट मात्र लोक विसरतात. रस्ता, फूटपाथ, रेल्वेलाइन, नदी-नाल्यावरचं अतिक्रमण किंवा जिथे न्यायालयानेच पाडायला सांगितलं आहे, तिथे हे नियम लागू नाहीत. म्हणजे निकाल बेकायदा बांधकामाला संरक्षण देत नाही. तो मनमानीपासून संरक्षण देतो. हा फरक आपल्या वस्त्यांमध्ये समजावून सांगायला हवा.

निकालानंतर काय झालं? मार्च २०२५ मध्ये नागपूरला हिंसाचार झाला आणि आठवडाभरात मुख्य आरोपीचं घर महापालिकेने पाडलं. त्याच दिवशी नागपूर खंडपीठाने कारवाई थांबवली, पण तोवर एक घर जमीनदोस्त झालं होतं. पुढे महापालिका आयुक्तांनी उच्च न्यायालयात बिनशर्त माफी मागितली. सर्वोच्च न्यायालयाच्या या सूचना अधिकाऱ्यांना माहीतच नव्हत्या, असं सांगण्यात आलं. ज्या नागपुरात गवईसाहेबांनी महापालिकेची वकिली केली, त्याच महापालिकेला त्यांचा निकाल चार महिन्यांनी ठाऊक नव्हता!

यातून दोन गोष्टी दिसतात. निकाल आपोआप चालत गल्लीत येत नाही. आणि ज्यांनी त्याच दिवशी कोर्टाचं दार ठोठावलं, त्यांच्यासाठी तो कामी आला. दुसऱ्याचं घर अर्धवट का होईना, वाचलं ते त्यामुळे.

वक्फ: अर्धं मिळालं, अर्धं राहिलं

१५ सप्टेंबर २०२५ रोजी सरन्यायाधीश गवई आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांनी वक्फ दुरुस्ती कायद्यावर अंतरिम आदेश दिला. हा अंतिम निकाल नाही, हे आधी लक्षात घेऊ. कायदा घटनेला धरून आहे की नाही, हा फैसला अजून व्हायचा आहे.

काय मिळालं? वक्फ करण्यासाठी पाच वर्षं इस्लाम पाळत असल्याचं दाखवण्याची अट, राज्य सरकारं त्यासाठी नियम करेपर्यंत, स्थगित. सरकारी जमिनीचा वाद असला की अधिकाऱ्याने चौकशी करायची आणि तेवढ्यावर महसूल नोंदी बदलायच्या, हा अधिकार स्थगित. न्यायाधिकरणाचा निर्णय होईपर्यंत वक्फची जागा काढून घेता येणार नाही, तसंच त्या जागेवर तिसऱ्या कुणाचे हक्कही निर्माण करता येणार नाहीत. केंद्रीय परिषदेत बिगर-मुस्लिम सदस्य चारपेक्षा जास्त नकोत, राज्य मंडळात तीनपेक्षा जास्त नकोत.

काय नाही मिळालं? संपूर्ण कायद्याला स्थगिती नाही मिळाली. वापरातून वक्फ झालेल्या जागांची तरतूद यापुढे काढून टाकली, ते न्यायालयाला सकृद्दर्शनी मनमानी वाटलं नाही. नोंदणीची सक्तीही कायम राहिली.

आमचं मत स्पष्ट आहे. वापरातून वक्फच्या मुद्द्यावर या आदेशाने आपली निराशा केली. वऱ्हाडातल्या कितीतरी गावांत कब्रस्तान आहे, ईदगाह आहे, छोटी दर्गाह आहे. लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, पण कागद नाही. त्या काळी माणसं जमीन देत, वक्फनामा लिहून ठेवत नसत. अशा जागांना आज कागद मागणं हे न्याय्य वाटत नाही, आणि अंतिम सुनावणीत हे ठामपणे मांडलं गेलं पाहिजे.

पण दुसरी बाजूही बोलली पाहिजे. नोंदणीची सक्ती नवी नाही. १९२३ पासून वेगवेगळ्या कायद्यांत ती आहे, आणि न्यायालयाने नेमकं याच इतिहासाकडे बोट दाखवलं. शंभर वर्षांत किती मुतवल्लींनी नोंदणी केली? ज्यांनी केली, त्यांच्याकडे आज फेरफाराची नक्कल आहे का? 'उम्मीद' पोर्टलवर तपशील भरायला सहा महिन्यांची मुदत होती आणि न्यायाधिकरणाकडून ती वाढवून मागण्याची सोय कायद्यात आहे. मोर्चात हजारो येतात, पण तलाठ्याकडे सातबारा काढायला दोघेही जात नाहीत. हे कडू आहे, पण खरं आहे.

अकोल्याची दोन प्रकरणं

न्यायाधीशांना 'आपले' आणि 'त्यांचे' असं वाटून घेणं का चुकीचं, हे अकोल्याच्या दोन प्रकरणांतून चांगलं कळतं.

पहिलं पातूरचं. पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठीसोबत उर्दूत पाटी होती. ती काढावी म्हणून एका माजी नगरसेविकेने वाद नेला. प्रकरण जिल्हाधिकारी, अमरावतीचे विभागीय आयुक्त, नागपूर खंडपीठ अशा पायऱ्या चढत दिल्लीला पोहोचलं. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी पाटी कायम ठेवली. भाषा म्हणजे धर्म नाही, उर्दूही मराठीसारखीच याच मातीत वाढलेली भाषा आहे, आणि मराठी असताना जोडीला उर्दू लिहायला कायद्याची मनाई नाही, असा त्याचा सार. दोन्ही भाषांत शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी हा निकाल म्हणजे रोजच्या जगण्यावर उमटलेली मोहोर.

दुसरं प्रकरण मे २०२३ च्या अकोल्यातल्या दंगलीचं. जुन्या शहरात हल्ल्यात जखमी झालेल्या एका मुलाच्या तक्रारीवर पोलिसांनी गुन्हाच नोंदवला नाही. ११ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी पोलिसांवर ताशेरे ओढले आणि हिंदू व मुस्लिम दोन्ही समाजांचे वरिष्ठ अधिकारी असलेलं विशेष तपास पथक नेमायला सांगितलं. राज्य सरकारने फेरविचार मागितला. त्यावर त्या दोन न्यायाधीशांत मतभेद झाले. मग नोव्हेंबरमध्ये सरन्यायाधीश गवई यांच्या तीन सदस्यीय खंडपीठाने धर्म पाहून पथक नेमण्याच्या त्या निर्देशाला स्थगिती दिली.

अकोल्यात याची नाराजी आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. ज्या पोलिसांनी तक्रार घेतली नाही, त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न तसाच उभा आहे. पण तपास करणाऱ्याची जात-धर्म पाहावा की नाही, हा तत्त्वाचा प्रश्नही खोटा नाही. आज आपल्याला बरा वाटणारा नियम उद्या आपल्याविरुद्धही वापरला जाऊ शकतो. आणि गंमत पाहा, या स्थगितीच्या खंडपीठात तेच न्या. विनोद चंद्रन होते, ज्यांनी पातूरची उर्दू पाटी राखली. त्यांना कोणत्या खान्यात टाकणार? आपली मागणी 'आमच्या धर्माचा अधिकारी द्या' अशी असण्यापेक्षा 'गुन्हा न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई करा' अशी असावी. ती मागणी स्थगितीनंतरही करता येते.

मतभेदाची जागा

गवईसाहेबांच्या सगळ्याच निकालांशी सहमत व्हायची गरज नाही. जानेवारी २०२३ मध्ये नोटाबंदी वैध ठरवणारा बहुमताचा निकाल त्यांनीच लिहिला. कलम ३७० रद्द करणं योग्य ठरवणाऱ्या घटनापीठात ते होते, आणि निवडणूक रोखे रद्द करणाऱ्या घटनापीठातही होते. ऑगस्ट २०२४ मध्ये अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता देताना त्यांनी अनुसूचित जाती-जमातींनाही क्रीमीलेअर लावावं, असं लिहिलं. त्यावरून त्यांच्याच समाजातून त्यांच्यावर मोठी टीका झाली. तरी निवृत्तीच्या आठवडाभर आधी, आंध्रातल्या अमरावतीत, त्यांनी तेच मत पुन्हा मांडलं.

म्हणजे हा माणूस स्वतःच्या समाजाला आवडेल असंच लिहीत नव्हता. मग आपल्याला आवडेल असंच लिहील, ही अपेक्षा कशाला?

६ ऑक्टोबर २०२५ रोजी भर कोर्टात एका वकिलाने त्यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. कारण सांगितलं धर्माच्या अपमानाचं. सरन्यायाधीशांनी विचलित न होता पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं. देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसलेल्या दलित माणसावर असा हात उगारला जातो, ही घटना छोटी नाही. त्या दिवशी आपल्या समाजातूनही निषेध झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. फ्रेजरपुऱ्याचा अपमान झाला तर वलगाव रोडने गप्प बसू नये, आणि उलटही. जुलैमध्ये वडिलांच्या स्मृतिदिनी दारापूरला आले असताना, निवृत्तीनंतर कोणतंही सरकारी पद घेणार नाही, असं त्यांनी गावकऱ्यांसमोर सांगितलं. तो शब्द आता वऱ्हाडच्या साक्षीने दिलेला आहे.

आता आपलं काम

एक: प्रत्येक शहरात, तालुक्याला, दोन-चार माणसं अशी हवीत ज्यांना बुलडोझर निकालाचे नियम तोंडपाठ आहेत. नोटीस आली की पहिल्याच दिवशी तिची तारीख, पोस्टाचा शिक्का आणि भिंतीवर लावल्याचा फोटो जपून ठेवा. पंधरा दिवस रडण्यात घालवू नका, वकील गाठा.

दोन: मुतवल्ली आणि मशीद कमिट्यांनी जागेचा सातबारा, सिटी सर्व्हेचा उतारा, टॅक्स पावत्या, जुनी वीजबिलं, वक्फ बोर्डाचे पत्रव्यवहार एका फाइलमध्ये लावावेत. एक प्रत बाहेर ठेवावी.

तीन: प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, अमरावतीतही आणि अकोल्यातही. महिला, मुलं, कोठडीतले लोक, जातीय हिंसाचाराचे बळी यांना तिथे मोफत वकील मिळतो. उत्पन्न कमी असलेल्यांनाही मिळतो. हा हक्क आहे, खैरात नाही.

चार: आपल्या दहावी-बारावीच्या मुला-मुलींना डॉक्टर-इंजिनिअरच्या जोडीला कायद्याचंही शिक्षण सुचवा. उर्दू शाळेतून आलेली मुलगी मराठीत अर्ज लिहू शकली, कोर्टात मराठीत बोलू शकली, तर ती कौमच्या शंभर घरांच्या कामी येईल. अमरावतीतून पदवी घेऊन सरन्यायाधीश होता येतं, हे आता पुस्तकात नाही, डोळ्यांसमोर घडलं आहे.

२४ नोव्हेंबरपासून न्या. सूर्यकांत सरन्यायाधीश आहेत. वक्फची अंतिम सुनावणी व्हायची आहे, अकोल्याचं प्रकरण पुढे चालायचं आहे. खंडपीठावर कोण बसेल ते आपल्या हातात नाही. त्यांच्यासमोर कोणता कागद जाईल, ते बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.